रिकाम्या चालीचा पेच



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय विचारला, तेव्हा आम्ही 'पेच' एवढाच शब्द लिहून पाठविला. कामगार-चळवळीत आयुष्य घालविलेला माणूस, तेव्हा संप, टाळेबंदी, वाटाघाटी यांतल्या पेचप्रसंगांवर बोलणार, असा त्यांचा समज झाला असल्यास नवल नाही. पण आम्हांला बोलावयाचे आहे ते खऱ्याखुऱ्या पेचावर. कारखान्यात ज्याला आम्ही स्क्रू म्हणतो, ज्याला आटे असतात आणि जो पेचकसाने फिरतो, त्यावर. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुस्तकांच्या आधी हातात कानस आली आणि पुस्तके भेटली ती युनियनच्या कचेरीत, पाळी संपल्यावर. त्यामुळे आमचा इतिहास राजवाड्यापासून सुरू होत नाही. तो व्हाइसपासून सुरू होतो.

आपण चौकात पाहता. दिवा लाल झाला, स्वाराने मूठ सोडली, गाडी थांबली. पण इंजिन बंद पडत नाही. ते हळू धडधडत राहते. काम काही नाही, पण जीव शाबूत आहे. ही इंजिनाची रिकामी चाल. गॅरेजात तिला 'स्लो' किंवा 'आयडलिंग' म्हणतात. कारबोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारे भांडे. साध्या कारबोरेटरच्या आत एक सरकता दट्ट्या असतो. मूठ पिळली की तो वर जातो आणि हवेची वाट मोकळी होते. मूठ सोडली की स्प्रिंगच्या जोराने तो खाली येतो. तो तळापर्यंत बसला तर हवा कोंडली जाईल आणि इंजिन मरेल. म्हणून बाजूने एक बारीक स्क्रू आत आलेला असतो. दट्ट्या त्याच्या टोकावर टेकतो आणि वाट केसभर उघडी राहते. स्क्रू आत फिरवला की चाल वाढते, बाहेर फिरवला की उतरते. हाच तो रिकाम्या चालीचा पेच.

अमेरिकेत एका चारचाकी वाहनाच्या कारबोरेटरला हा स्क्रूच नव्हता. कित्येक मालकांनी घरच्या घरी कारबोरेटर उतरवून, त्याला भोक पाडून, भोकात आटे पाडून तो बसवून घेतला. का बसविला, आणि बसविला हे बरे केले की वाईट, हा आमच्या आजच्या भाषणाचा प्रश्न आहे. पण माणसाने घरात बसून आटे पाडावेत आणि दुकानातून आणलेला स्क्रू त्यांत बिनचूक बसावा, ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही. तिच्यामागे दोनशे वर्षांचा झगडा आहे. आधी तो पाहू.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रत्येक बोल्ट हा आपल्याच नटाचा नवरा असे. कारागीर दोन्ही एकत्र घडवी, दोहोंवर खूण करी आणि यंत्र खोलताना जोड्या चुकू नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून बसे. या अवस्थेतून बाहेर पडण्याची वाट लंडनच्या हेन्री मॉडस्ले या लोहाराने दाखविली. तो जोसेफ ब्रामा या प्रसिद्ध कुलूप बनविणाऱ्याकडे कामाला होता. हुशार, कामात पहिला, कारखान्याचा मुख्य. आठवड्याला ३० शिलिंग पगार. संसार वाढला तेव्हा त्याने पगारवाढ मागितली. मालकाने नकार दिला. मॉडस्लेने १७९७ साली नोकरी सोडली आणि स्वतःचे दुकान थाटले. पुढच्या तीन-चार वर्षांत त्याने असा लेथ उभा केला की, त्यावर एका अचूक स्क्रूच्या आधाराने दुसरा तितकाच अचूक स्क्रू कापता येई. पगारवाढ नाकारल्यामुळे मालकाचे किती नुकसान होते, याचा हिशेब कोणी मांडला असेल तर त्यात हे उदाहरण पहिले घालावे.

मॉडस्लेच्या हाताखाली शिकलेला जोसेफ व्हिटवर्थ याने पुढचे पाऊल टाकले. त्याने निरनिराळ्या कारखान्यांतून स्क्रू गोळा केले, मोजले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध वाचला. आट्याचा कोन ५५ अंश असावा आणि कोणत्या जाडीला इंचात किती आटे हे ठरलेले असावे, ही त्याची सूचना. पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२. हे आकडे कोणा पंडिताच्या डोक्यातून निघालेले नाहीत. अनेक निनावी कारागिरांच्या हातांनी जे आधीच घडविले होते, त्याची ती बेरीज होती. नाव मात्र व्हिटवर्थचे झाले. अर्थात त्यालाही न्याय द्यावयास हवा. १८६८ साली त्याने तरुण यंत्रकारागिरांसाठी वर्षाला ३,००० पौंडांच्या शिष्यवृत्त्या ठेवल्या.

रेल्वेच्या इंजिनांबरोबर आणि गिरण्यांच्या मागांबरोबर हे आटे मुंबईला उतरले. जुन्या वर्कशॉपांतील मिस्त्रींच्या पेटीत व्हिटवर्थचे पान्हे असत आणि त्या पान्ह्यांवरचा आकडा तोंडाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असे. नवशिका पोरगा इथे हमखास फसे. १९५६ च्या कायद्याने आपल्या देशाने मेट्रिक मापे स्वीकारली. पण जुनी यंत्रे कायदा वाचत नाहीत. आम्ही कामाला लागलो तेव्हाही इंची पान्हे वेगळे आणि मिलिमीटरचे वेगळे, असा दुहेरी संसार चालू होता.

समुद्रापलीकडे अमेरिकेत १८६४ साली फिलाडेल्फियाचा यंत्रनिर्माता विल्यम सेलर्स याने निराळीच पद्धत मांडली. कोन ६० अंश आणि आट्याचा माथा सपाट. कारण त्याने स्पष्ट सांगितले. व्हिटवर्थचा गोल माथा घडवावयास हत्यारे अधिक लागतात आणि हात कसलेला लागतो. आपला आटा साधारण कामगारही सहज कापील. ऐकावयास हे फार लोकहिताचे वाटते आणि बऱ्याच अंशी ते होतेही. परंतु याच सेलर्सच्या अध्यक्षतेखालील मिडव्हेल पोलाद कारखान्यात १८७८ साली फ्रेडरिक टेलर नावाचा तरुण कामाला लागला. सेलर्सच्या परवानगीने त्याने धातू कापण्याचे प्रयोग सुरू केले आणि पुढे घड्याळ हातात धरून कामगाराची एकेक हालचाल मोजण्याचे शास्त्र उभारले. आधी आट्याचे माप ठरले, मग माणसाचे. १९११ साली मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात हे घड्याळ आणले, तेव्हा साचेकामगारांनी काम टाकले. आणि १९१५ साली अमेरिकन काँग्रेसने अशा घड्याळी मोजणीवर सरकारी पैसा खर्च करण्यास मनाई केली.

म्हणजे प्रमाणित आटे कामगाराच्या वैरी झाले काय? आम्ही तसे मानीत नाही. १९०४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर शहराला आग लागली. मदतीला इतर शहरांचे बंब धावून आले. पण त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांना बसेनात. पाणी होते, माणसे होती, आटे जुळत नव्हते. आणि शहराचा मध्यभाग जळाला. दुसऱ्या महायुद्धातही तेच दुखणे निघाले. अर्ध्या इंचाला इंग्रजी बोल्टचे आटे १२, अमेरिकन बोल्टचे १३. मित्रराष्ट्रे खरी, पण एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढत नव्हता. शेवटी १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनला एकत्र आट्यांचा करार केला. युरोप खंडात तर १८९८ सालीच झुरिक येथे मेट्रिक आट्यांची पद्धत ठरली होती. समान माप हे माणसाला माणसाशी जोडते. ते माप कोणाच्या हातात राहते, एवढाच प्रश्न उरतो. तो प्रश्न घेऊन आता कारबोरेटरकडे वळू.

पेट्रोल बारीक नळीतून फवारून हवेत मिसळणारा कारबोरेटर १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने आणि हंगेरीत बांकी व चोंका या दोघांनी पुढे आणला. तेव्हापासून शंभर वर्षे या भांड्यावरचे दोन स्क्रू हे मिस्त्रीचे राज्य होते. एक चालीचा, दुसरा मिश्रणाचा. थंडी पडली, उंचीवर गेलो, इंजिन जुने झाले की मिस्त्री कान लावून ऐके आणि पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करी. १९७० साली अमेरिकेत हवेच्या शुद्धतेचा कायदा कडक झाला. मोटारींच्या मिश्रणाच्या स्क्रूवर आधी प्लॅस्टिकच्या टोप्या आल्या, पुढे धातूची बुचे ठोकून तो बंदच केला. १९७८ पासून मोटारसायकलींच्या धुरालाही नियम लागले आणि तिथेही बुचे आली. कारण खोटे नव्हते. शहरांतली हवा खरोखरच विषारी झाली होती. पण मिस्त्रीचा एक स्क्रू बुचाखाली गेला, हेही तितकेच खरे.

आता आमच्या कथेतले वाहन. होंडा कंपनीच्या अमेरिकेतील विक्रेत्यांना हिवाळ्यात धंदा नसे. बर्फात मोटारसायकल कोण घेणार? त्यांच्या मागणीवरून ओसामु ताकेउची या अभियंत्याने फुग्यासारख्या जाड, मऊ टायरांचे तीन चाकी वाहन तयार केले. ते १९७० साली बाजारात आले. चिखल, वाळू, बर्फ, कशावरही चालणारे म्हणून या जातीला एटीव्ही म्हणतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर पर्यटकांना फिरविणाऱ्या चारचाकी गाड्या याच कुळातल्या. शेतकऱ्यांनी ते घेतले, शिकाऱ्यांनी घेतले आणि मुलांच्या हातीही ते गेले. तीन चाकांची गाडी वळणावर उलटे. शेकडो माणसे मेली, त्यांत मुले बरीच. १९८७ च्या डिसेंबरात अमेरिकन सरकारने कंपन्यांवर दावा लावला. १९८८ च्या एप्रिलमध्ये तडजोड झाली, तीन चाकी वाहनांची विक्री थांबली आणि ग्राहकाला शिक्षण देण्याची जबाबदारी कंपन्यांवर आली.

याच गडबडीच्या काळात, १९८७ साली, यामाहा कंपनीने 'बॅन्शी' नावाची चारचाकी आणली. मोटारसायकलच्या वंशातले ३४७ घन सेंटिमीटरचे, दोन सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक इंजिन, आणि दोन सिलिंडरांना दोन कारबोरेटर. वेगाला अफाट. अशा गाडीचा दट्ट्या चिखलाने किंवा बर्फाने वरच अडकला तर स्वाराचे काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून कंपनीने एक राखण बसविली. अंगठ्याने दाबावयाच्या खटक्यापाशी एक विजेचा स्विच आणि कारबोरेटरच्या डोक्यावर दुसरा. अंगठा सुटला आहे, पण दट्ट्या खाली आलेला नाही, असे दिसताच ही यंत्रणा ठिणगी आवरून इंजिनाचा वेग दाबते. कल्पना उत्तम. रिकाम्या चालीची जुळणीही याच डोक्यावरच्या पेटीत घातली होती. त्यामुळे कारबोरेटरच्या अंगाला वेगळ्या स्क्रूची गरज उरली नाही.

गाड्या जुन्या झाल्या. स्विच गंजले, तारा सैल झाल्या. दट्ट्या ठीक असताना यंत्रणा अडकल्याची खोटी वर्दी देऊ लागली आणि इंजिन मधेच गुदमरू लागले, अशी मालकांची तक्रार. कित्येकांनी ती पेटी काढून टाकली. पण पेटीबरोबर रिकामी चालही गेली! मूठभर स्वारांनी अंगठ्याने सतत इंजिन जागे ठेवण्याची कसरत केली. बाकीच्यांनी ड्रिल आणि टॅप हातात घेतला.

हे काम कसे करतात ते थोडक्यात सांगतो, कारण इतिहास शेवटी हातातूनच जातो. कारबोरेटरचे अंग मऊ मिश्रधातूचे असते. दट्ट्याच्या बाजूला, स्क्रूचे टोक नेमके दट्ट्याच्या उतारावर टेकेल अशी जागा मोजून खूण करावयाची. मग भोक. सहा मिलिमीटरचा स्क्रू आणि एक मिलिमीटरचा आटा असेल तर भोक सहाचे नव्हे, पाचाचे. सहातून एक वजा. तो एक मिलिमीटर आट्यांना लागतो. नंतर टॅप. तेल लावून, काटकोनात धरून, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटतो. घाई केली की आटे मरतात किंवा टॅप आतच मोडतो. शेवटी धुणे. धातूचा एक कण आत राहिला तर तो थेट सिलिंडरात जाईल. स्क्रूला स्प्रिंग हवी, नाहीतर थरथराटाने तो फिरेल. रबरी कडी हवी, नाहीतर आट्यांच्या फटीतून जादा हवा शिरेल. जादा हवा म्हणजे पेट्रोल कमी. आणि टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलाबरोबरच येते, म्हणून पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. पिस्टन तापतो, जाम होतो. शिवाय कारबोरेटर दोन. दोन्ही स्क्रू सारखे जुळले नाहीत तर एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा लोंबकळतो. एका भोकासाठी इतके ज्ञान लागते, श्रोतेहो. आणि मॉडस्ले, व्हिटवर्थ, सेलर्स आणि झुरिकची परिषद या सर्वांनी ठरविलेली मापे त्या एका भोकात एकत्र येतात.

आता मूळ प्रश्न. हे बरे झाले की वाईट?

आमचा पहिला कौल मालकांच्या बाजूने पडला, हे कबूल करतो. जो यंत्र चालवितो त्याला ते जुळविता आले पाहिजे, हे आमचे ठाम मत आहे. पण आमच्याच आयुष्यातली एक गोष्ट आम्हांला गप्प बसू देत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका प्रेसशॉपमध्ये होतो. प्रेस चालवावयाचा तर दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबावी लागत. म्हणजे प्रेस उतरताना हात आत राहू नये. एका कामगाराने एक बटण कायमचे दाबून, पट्टीने अडकवून ठेवले होते. एक हात मोकळा झाला, काम झपाट्याने होऊ लागले. एके दिवशी त्याची दोन बोटे गेली. चौकशीत पहिला प्रश्न आला : बटण कोणी बांधले? त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात धोकादायक भागांना राखण बसविण्याची जबाबदारी मालकावर होती आणि सुरक्षेच्या साधनाशी हेतुपुरस्सर खेळ करू नये, हे कामगारावरही बंधन होते. चौकशीने दुसरे कलम वाचले आणि फाइल मिटली. आम्ही तरुण होतो. आम्हीही बाहेर गेटवर मालकाविरुद्ध घोषणा दिल्या आणि आत आमच्या मनात कामगारालाच दोष दिला. विचारावयाचा प्रश्न दोघांनीही विचारला नाही. तो असा की, दोन्ही हातांनी बटणे दाबून पाळीचा ठरलेला आकडा पुरा होत होता काय? नव्हता होत. आम्ही स्वतः मोजून पाहिला, पण बोटे गेल्यानंतर. त्याच्या शेजारच्या प्रेसवर आम्ही रोज उभे होतो, ते बांधलेले बटण आम्हांला दिसत होते, आणि आम्ही बोललो नव्हतो. हा हिशेब आमच्या नावावर आहे.

तेव्हापासून राखण काढलेली दिसली की आम्ही दोन गोष्टी विचारतो. ती का काढावीशी वाटली? आणि तिच्या जागी काय ठेवले? बॅन्शीच्या मालकांना हेच दोन प्रश्न लावून पाहा. पहिल्याचे उत्तर त्यांच्या बाजूने बरेच जाते. जी राखण जुनी झाल्यावर खोटे बोलू लागते, जिची जुळणी आणि चालीची जुळणी एकाच पेटीत कोंबलेली असते, ती माणसाला स्वतःविरुद्ध उभी करते. चालीचा स्क्रू वेगळा आणि राखण वेगळी अशी रचना असती, तर राखण दुरुस्त करणे आणि ती उखडून फेकणे यांत माणसाने पहिले निवडले असते. प्रेसचा आकडा आणि बटणे यांचेही तसेच होते. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मालकांचे दोन तट पडतात. काहींनी मनगटाला दोरी बांधली. स्वार पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद होते. त्यांनी एक राखण काढली आणि दुसरी ठेवली. त्यांच्या स्क्रूला आम्ही नमस्कार करतो. ज्यांनी नुसती पेटी काढून स्क्रू बसविला आणि गाडी पोराच्या हातात दिली, त्यांचे आटे कितीही सुबक असोत, ते काम अर्धेच राहिले. स्क्रू हातात घेणे म्हणजे हक्क घेणे. पण त्या स्क्रूबरोबर राखणीचे ओझेही हातात येते. हक्क घेऊन ओझे कारखान्याच्या दारात टाकता येत नाही. आणि मालकांनाही तितकेच बजावून सांगितले पाहिजे की, स्क्रू बुचाखाली लपवून ठेवाल तर माणूस बूच फोडील, आणि फोडताना त्याच्या हाताखाली काय काय तुटेल याचा भरवसा नाही.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम आले आणि जवळजवळ सर्व नव्या दुचाकींतून कारबोरेटर गेला. आता पेट्रोल किती फवारावयाचे हे संगणकाची चिप ठरविते. हवा सुधारावयाची तर हे लागणारच. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. पण आमच्या ओळखीचा एक गॅरेजवाला, तीस वर्षे ज्याने कानाने इंजिने जुळविली, तो परवा आम्हांला म्हणाला, "साहेब, स्क्रू गेला; आता आतले बघायचे म्हटले तरी त्यांची मशीन विकत घ्या." एकोणिसाव्या शतकात आट्याचे माप सर्वांना खुले झाले, म्हणून शंभर कारखाने आणि हजार गॅरेजे उभी राहिली. आजच्या चिपचे माप तसे खुले असावे की नाही, हा वाद अनेक देशांत चालू आहे. तो केवळ अभियंत्यांचा वाद नाही. तो आपल्या गल्लीच्या तोंडावरच्या गॅरेजवाल्याच्या पोटाचा आहे, आणि गाडी घेऊन त्याच्याकडे जाणाऱ्या आपणा सर्वांचा आहे.

घरी जाताना चौकात दिवा लाल होईल. जुनी एखादी स्कूटर शेजारी धडधडत उभी असेल. तिच्या पोटात कुठेतरी एक बारीक स्क्रू दट्ट्याला केसभर उचलून धरीत असेल. तो कोणी फिरविला असेल, त्याने तो शिकताना किती टॅप मोडले असतील, एवढे मनात आणा. आमचे म्हणणे तेवढेच.